टेंभुर्णीपर्यंत ओला

“स्टेअरिंगवर टॉवेल वाळत घातलाय बघ की ह्यांनी.”

टोलनाक्यावर आमच्या गाडीचा टॅग वाचला जात नव्हता, म्हणून हातातलं मशीन घेऊन आलेला माणूस त्याच्या सोबत्याला हळूच म्हणाला. मला ऐकू आलं, मालकांनाही आलं. मी मान खाली घालून मांडीवरच्या फाइलचा कोपरा सरळ करत बसले. मालकांनी काच पूर्ण खाली घेतली.

“वाळत न्हाय घातला. ओला ठेवलाय,” ते म्हणाले. त्यांच्या मते यात सगळा खुलासा होता. मग हात बाहेर काढून त्यांनी त्या माणसाच्या गळ्यातला नॅपकिन दोन बोटांत धरला, चोळला आणि सोडून दिला. “हा आपल्याकडचा न्हाय. ह्यात पॉलिस्टर हाय. घाम कसा टिपायचा ह्यानं?” मागच्या सीटवरच्या गठ्ठ्यातून एक कोरा नॅपकिन माझ्याकडून काढवून त्याला दिला. तो माणूस नॅपकिन हातात धरून तसाच उभा राहिला, आणि आम्ही निघालो.

स्टेअरिंगच्या खालच्या अर्ध्या भागावर घडी घालून, पिळून बसवलेला पांढरा टॉवेल होता. सोलापुरात अशा अर्ध्या आपोआप चालणाऱ्या गाड्या फार नाहीत, आणि त्यातल्या एकीच्याही स्टेअरिंगवर टॉवेल नसतो.

मी त्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात तीन वर्षं नोकरी केली. काम एक्स्पोर्टच्या खोलीतलं, परदेशातल्या गिऱ्हाइकांना मेल लिहायचं. वडील कुर्डुवाडीला रेल्वेत होते, त्यांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. तिथे विचारल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम होता. बाकीच्या मुलींना तो जाचायचा, मला कधी जाचला नाही. कारखान्यातही मी तो पाळत होते. मला गाडी चालवता येते, हेसुद्धा मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं.

मालक सत्तरीला आलेले. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, अक्कलकोटकडच्या व्यापाऱ्यांशी कन्नड. मोजायचे मात्र तेलुगूतच. ओकटी, रेंडू, मूडू असं पुटपुटत ते कापडावर भिंग धरून धागे मोजत. हे भिंग कायम खिशात. कुणी पाहुणा आला की आधी त्याच्या शर्टाची बाही भिंगाखाली जायची, मग चहा यायचा. पुण्याच्या हॉटेलात तोंड पुसून ते टॉवेल गालाला लावत आणि किती ग्रॅमचा आहे ते सांगत. वेटरला वाटायचं, तक्रार आहे. तो माफी मागायचा. मालक त्याला म्हणायचे, “न्हाय न्हाय, चांगला हाय. धुणारा वाईट हाय.” सगळ्या बायकांना ते अम्मा म्हणत. मलाही.

नवी गाडी घेतल्यावर माझी खरी नोकरी सुरू झाली. गाडी रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या बघून आपली आपण मधोमध राहायची, पुढच्या ट्रकपासून अंतर राखायची, वळणावर स्टेअरिंग फिरवायची. हे सगळं ती करायची, पण तिची एक अट होती. माणसाचे हात स्टेअरिंगवर पाहिजेत. हात काढले की थोड्या वेळात समोर लाल रंगात दोन हातांचं चित्र येई, मग आवाज, मग बेल्टला हिसका, आणि तरीही हात लागले नाहीत तर गाडी सगळे दिवे लुकलुकवत हळू होत होत असेल तिथे थांबायची. हे सारं इंग्रजीत. मालकांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून महिन्यातून दोनदा पुण्याला जाताना मला पुढच्या सीटवर बसवलं जाऊ लागलं, आणि दुपारी जेवणानंतर गाडीचं जाडजूड पुस्तक वाचून दाखवायचं कामही माझ्याकडे आलं.

आता ते पुस्तक सगळं हुकमांचं असतं. हे करू नका, ते ताबडतोब करा, नाहीतर मृत्यू येईल. मालकांना असं कसं सांगायचं? मी सांगायचे, हात ठेवलेले बरे, म्हणतेय. जरा रस्त्याकडे बघा, म्हणतेय. पट्ट्या पुसलेल्या असतील तर ही आवाज न करता स्टेअरिंग सोडून देते, तेव्हा चालकाने सदैव सावध राहावं, असं एक पान होतं. ते मी एवढंच सांगितलं की पट्ट्या नसतील तिथे थोडं लक्ष असू द्या, म्हणतेय.

मालक खूश झाले. चार लोकांत सांगू लागले, “लई अदबीनं बोलती गाडी. आमच्या पोरांनी शिकावं.”

ती अदब माझी होती. हे मला तेव्हाच कळत होतं.

यंत्रावर त्यांचा विश्वास का होता ते सांगायला हवं. कारखान्यात नवं माणूस लागलं की पहिल्या दिवशी मालक त्याला मागापाशी नेत आणि एक छोटा लोखंडी काटा दाखवत. आडवा जाणारा धागा, म्हणजे बाणा, तुटला की हा काटा पडतो आणि माग आपोआप थांबतो. मलाही दाखवला होता, मेल लिहायला आलेलीला. “पळतं ते यंत्र न्हाय, अम्मा. थांबतं ते यंत्र.” मग गोष्ट. भवानी पेठेत त्यांचा जुना कारखाना होता तेव्हाची. एका विणकराने माग सारखा थांबू नये म्हणून त्या काट्यात सुतळी बांधून ठेवली. बाणा तुटला. माग चालूच. पाळी संपेपर्यंत खडखड चालू होता, आणि पुढे गुंडाळला गेला होता नुसता ताणा, उभे धागे, कापड नाहीच. मालकांनी त्याला त्याच दिवशी काढलं. गोष्टीचा शेवट दर वेळी एकच असे. “चोरी केली असती तर ठेवला असता. काटा बांधला, म्हणून काढला.”

ही गोष्ट मी तीन वर्षांत पंधरा-वीस वेळा तरी ऐकली असेन.

आणि मालकांना झोप येत नसे. कारखान्यात हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा जन्म भवानी पेठेतला. घराच्या पुढच्या खोलीत चार माग, मागच्या खोलीत भावंडं ओळीने झोपलेली. माग दिवसरात्र चालायचे आणि जमीन थरथरायची. पुढे कारखाना एमआयडीसीत गेला, घर होटगी रोडच्या बंगल्यात आलं, आणि बंगल्यात शांतता होती. त्या शांततेत ते पडून राहात. परदेशातल्या मुलीने झोप येण्यासाठी आवाज करणारं एक यंत्र पाठवलं होतं. त्याबद्दल मालक म्हणाले, कुणीतरी रात्रभर सर्दीनं सूं सूं करतंय असं वाटतं. मग त्यांनी मोबाइलवर मागाचा आवाज भरून उशाशी ठेवला. तोही बाद केला. “आवाज हाय, धक्का न्हाय.”

धक्का फक्त गाडीत मिळे. सव्वीस वर्षं त्यांची गाडी चालवणाऱ्या चाचांच्या मागे बसून ते झोपत आले होते. काही काम नसतानाही पंढरपूर नाक्याकडे गाडी काढायची, दोन तास फिरून यायचं, की मालक ताजे. चाचांचे गुडघे गेले आणि त्यांनी नोकरी सोडली. दुसरे चार ड्रायव्हर ठेवून पाहिले. त्यांच्या मागे मालकांना डोळाच लागेना. “ह्याच्या हाताकडंच बघत बसतो मी,” म्हणायचे. म्हणून ही गाडी. हातच नसलेली.

मालक झोपतात कसे तेही सांगते, कारण नंतर मी ते आरशातून पुष्कळ पाहिलं. तोंड उघडं नाही, घोरणं नाही. नॅपकिन डोळ्यांवर, आणि उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर हळूहळू फिरत असतो. कापड पारखल्यासारखा. झोप खोल लागली की अंगठा थांबतो.

टॉवेलचा शोध उन्हाळ्यात लागला. एप्रिलमध्ये सोलापुरात उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं स्टेअरिंग हाताला चटका देतं, म्हणून लोक त्यावर ओला नॅपकिन टाकतात. मालकांनीही टॉवेल टाकला, आणि काढायचा राहिला. मोहोळ येईपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की हात मांडीवर असूनही गाडी काही म्हणत नाहीये. ओल्या टॉवेललाच ती माणसाचा हात समजत होती. त्यांनी हात वर केले, माझ्याकडे पाहिलं आणि लहान मुलासारखे हसले. मीही हसले. त्याची मला अजून लाज वाटते.

मग प्रयोग सुरू झाले. एसी चालू असला की टॉवेल भराभर वाळतो, आणि पुरता वाळला की गाडी हात मागते. चारशे ग्रॅमचा मोहोळपर्यंत टिकायचा. पाचशेचा मोडनिंबपर्यंत. सहाशे ग्रॅमचा, दुहेरी विणीचा, कुठेही पुन्हा न भिजवता थेट टेंभुर्णीपर्यंत, म्हणजे नव्वदेक किलोमीटर, ओला. गाडीत पाण्याचा कॅन आणि स्टीलचं पातेलं आलं. एका परदेशी गिऱ्हाइकाने विचारलं की तुमचा माल ओल किती वेळ धरतो, तर मालकांनी मला लिहायला सांगितलं, टेंभुर्णीपर्यंत. मी तास आणि मिनिटं लिहिली.

सुरुवातीला ते नुसते डोळे मिटायचे. “झोपत न्हाय, टेकतो.” मग पाच मिनिटं. मग जास्त. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा ते गाडीत काढत नसत, त्यामुळे मिटलेले डोळे मलाही दिसायचे नाहीत, चालकावर नजर ठेवणाऱ्या गाडीच्या कॅमेऱ्यालाही नाही. मी अंगठ्याकडे बघायचे. अडीचशे किलोमीटर मी समोरचा रस्ता आणि तो अंगठा आळीपाळीने बघत बसायचे, आणि पुण्यात उतरल्यावर मीटिंगमध्ये मला समोरच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही इतकी दमलेली असायचे. दुपारी अक्कांचा फोन यायचा. अक्का म्हणजे मालकांच्या पत्नी.

“झोपले का गं जरा?”

“हो.”

“झोपू दे बाई. रात्री तीनदा जिना चढले-उतरले.”

मी गप्प बसत होते, यात माझ्या बाजूने सांगण्यासारखं काही नाही. एका माणसाला जगात एकाच जागी झोप लागते, आणि ती जागा चुकीची आहे, हे त्याला मीच सांगायचं? मी मेल लिहिणारी.

एकदा मोडनिंबजवळ टॉवेल वेळेआधीच वाळला. त्या दिवशी चुकून पाचशेचा आणला होता. लाल हात आले, आवाज आला, बेल्टला हिसका बसला. मालकांचा अंगठा थांबलेला. गाडी दिवे लुकलुकवत भर रस्त्यात हळू होत गेली आणि थांबली. मागून ट्रकचे हॉर्न. मी त्यांना हाताने हलवलं नाही. माझ्याकडून होईना. फाइलच्या टोकाने त्यांच्या दंडाला टोचलं.

ते दचकून उठले, गाडी कडेला घेतली. चष्मा काढून डोळे चोळले. मग विचारलं, “काय म्हणाली, अम्मा?”

समोर लिहिलं होतं, ताबडतोब ताबा घ्या. शेजारी कॉफीच्या कपाचं चित्र होतं. मी म्हणाले, “दमलात का, विचारतेय.”

मालकांनी त्या कपावर बोट टेकवलं. एक मुलगा अमेरिकेत, मुलगी आणखी कुठे, कारखान्यात दोनशे माणसं. “मला असं कुणी विचारलं न्हवतं,” ते म्हणाले. मग कॅनमधलं पाणी पातेल्यात ओतलं, टॉवेल बुडवला, पिळला आणि घडी घालून पुन्हा स्टेअरिंगवर बसवला. अगदी मायेनं.

त्यानंतर मला काही बोलणं आणखीच अवघड झालं.

चाचा ईदला कारखान्यात शीरखुर्म्याचा डबा घेऊन आले होते. काठी टेकत ते नव्या गाडीभोवती फिरले, आत डोकावले, स्टेअरिंगवरचा टॉवेल पाहिला. त्यांना सगळं कळलं असावं. सव्वीस वर्षं मालक मागे झोपलेले असताना त्यांनी काय केलं, असं मी विचारलं. मी आपणहून कुणाला काही विचारलं, असं तीन वर्षांत तीनदा झालं असेल. चाचा म्हणाले, काही नाही, सत्तरच्या पुढे जायचं नाही, ब्रेक असा लावायचा की डब्यातलं कालवण हलू नये, आणि बोलायचं नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “गाडी तो जागतीच हय, बेटी. पर उसकू डर नई लगता ना. डर लगनेवाला कोई तो होना.”

तेवढा डर मला लागत होता. दोघांच्या वाटचा.

ते सगळं संपलं त्या दिवशी आम्ही पुण्याहून परत येत होतो. फेब्रुवारी. उसाचा हंगाम, रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. दुपारचे चार. इंदापूरला थांबून मालकांनी सहाशेचा टॉवेल नव्याने भिजवला होता. मीटिंग वाईट झाली होती. बाहेरच्या कुठल्या देशातला स्वस्त माल टेबलावर ठेवून गिऱ्हाइकाने मालकांनाच तो गालाला लावून बघायला सांगितलं. मालकांनी लावला. किती ग्रॅमचा ते सांगितलं, आणि चांगला आहे असंही सांगितलं, कारण होता. इंदापूर सुटल्यावर अंगठा फिरायला लागला, आणि टेंभुर्णी यायच्या आत थांबला.

टेंभुर्णीच्या पुढे रस्त्यावर नवं डांबर पडलं होतं. काळंभोर, गुळगुळीत. पट्ट्या अजून मारल्या नव्हत्या.

समोरच्या काचेवर स्टेअरिंगचं एक छोटं हिरवं चित्र असतं. ते राखाडी झालं. आवाज नाही, हिसका नाही. पुस्तकातलं ते पान मला पाठ होतं, कोणत्या बाजूला छापलंय तेसुद्धा. टॉवेल ओला होता. गाडीच्या हिशेबी हात स्टेअरिंगवर होते, मग ती कशाला ओरडेल. वेग नव्वद. गाडी अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तशी, डावीकडे सरकायला लागली. लांब कडेला उसाची ट्रॉली उभी होती, चाक काढून ठेवलेली.

“मालक,” मी म्हणाले. माझं मलाच ऐकू आलं नाही.

“मालक.”

अंगठा हलला नाही. ट्रॉली मोठी होत होती, उसाचे शेंडे रस्त्यावर आलेले दिसत होते. मी हात पुढे केला आणि स्टेअरिंग धरलं, टॉवेलसकट. थंडगार, जड, गच्च ओला. मी ते उजवीकडे ओढलं. गाडी झोल खाऊन रस्त्यावर आली आणि उसाचं पाचट डाव्या आरशाला खसखसून मागे गेलं.

मालकांनी डोळे उघडले. दोन्ही हात आपोआप स्टेअरिंगवर आले, माझ्या हातावर. वेग कमी झाला. त्यांनी आरशात मागे जाणारी ट्रॉली पाहिली, काचेवरचं राखाडी चित्र पाहिलं. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. ते गाडीकडेच बघत होते. घसा खाकरून, नेहमीच्याच विश्वासाने त्यांनी विचारलं, “काय म्हणाली गं अम्मा?”

सांगता आलं असतं. रस्ता नवा आहे, जपून जा, म्हणतेय. गाडीची अदब राहिली असती, त्यांची झोप राहिली असती, अक्कांना दुपारी हो म्हणता आलं असतं. माझा हात अजून त्या टॉवेलवर होता आणि मनगटावरून पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. इतका चांगला टॉवेल. अजून मोडनिंबपर्यंत सहज टिकला असता. मला एवढंच जाणवलं की मी फार दमले आहे.

“गाडी काहीच म्हणाली नाही, मालक. मी म्हणतेय. तुम्ही काटा बांधून ठेवलाय. गाडी बाजूला घ्या आणि मागे जाऊन झोपा. मी चालवते.”